पहाटे ४ वाजून २ मिनिटांनी मॉडेम कुणाला फोन लावतो? लिनक्सवरचं नकोसं डायल-अप शोधून थांबवण्याची रीत

रात्रीच्या शांततेत मॉडेमचा आवाज फार मोठा वाटतो. आधी रिलेची 'टक्', मग डायल टोन, मग आकड्यांचे सूर आणि शेवटी तो ओळखीचा कर्कश गोंगाट. आमच्या घरी हे सलग तीन पहाटे घडलं. पहिल्या दोन दिवशी आई एवढंच म्हणाली, "तुझं ते यंत्र पहाटे कुणाशी तरी बोलत होतं." तिसऱ्या पहाटे मी जागा राहून घड्याळ बघितलं. ४ वाजून २ मिनिटं. संगणकासमोर कुणी नाही, मॉनिटर बंद, ब्राउझर उघडा नाही. मिनिट-दीड मिनिट लाइन जोडलेली राहिली आणि फोन खाली ठेवला गेला.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण तेच करतात. पीपीपीची (फोन लाइनवरून नेट जोडण्याची पद्धत) सेटिंग उघडली, 'आयडल'चा, म्हणजे लाइन किती वेळ शांत राहिल्यावर तोडायची तो, आकडा कमी केला, ब्राउझरचं सुरुवातीचं पान काढून टाकलं, दोन-चार सेवा अंदाजाने बंद केल्या. पुढच्या पहाटे पुन्हा ४:०२. लाइन थोडी लवकर तुटली, एवढाच फरक. फोन लवकर कसा तुटेल हे मी बघत बसलो होतो आणि फोन मुळात लागतो कशामुळे, हे विचारलंच नव्हतं.

संगणक आपल्या मनाने फोन लावत नाही. कुठला तरी प्रोग्रॅम बाहेरच्या पत्त्यावर एक पॅकेट (माहितीचं छोटं पुडकं) टाकतो आणि त्या पॅकेटला वाट करून द्यायला पीपीपीडी हा पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम नंबर फिरवतो. ते पहिलं पॅकेट हाती लागेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. पुढचं सगळं त्या एका पॅकेटच्या शोधाबद्दल आहे.

जुनं यंत्र आणि सिरियल मॉडेम सांभाळून असलेल्यांना हे उपयोगी पडेलच. पण यूएसबी डोंगलवर *९९# फिरवून नेट वापरणाऱ्यांनाही पडेल, कारण तिथेही बऱ्याचदा पीपीपीडीच काम करत असतो. फक्त फोनच्या बिलाऐवजी डेटा संपतो. कमांड आणि फाईलची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत, स्मॉल लिपीत घालायची.

आधी बिल थांबवा

तपास होईपर्यंत रात्री फोनची वायर मॉडेममधून काढून ठेवा. डोंगल असेल तर तो उपसून ठेवा. मॉडेमचा स्पीकर मात्र बंद करू नका. शेजाऱ्यांचा विचार करून अनेक जण एटीएम० देऊन आवाज घालवतात, पण तपासाच्या दिवसांत तो आवाज हाच तुमचा पहारेकरी आहे. एटीएम१ ठेवा.

आयडलची वेळ फार कमी करण्यातही नुकसान असतं. जिथे लाइनचं बिल पल्सवर, म्हणजे ठरावीक सेकंदांच्या तुकड्यांवर, येतं, तिथे प्रत्येक नवा कॉल नवा पल्स सुरू करतो. चाळीस सेकंदांचे पाच कॉल हे तीन मिनिटं वीस सेकंदांच्या एका कॉलपेक्षा महाग पडू शकतात. आयडल ठरवताना आपल्या लाइनचा पल्स किती सेकंदांचा आहे ते बघून ठरवा.

हा 'आपोआप' नेमका कुठल्या जातीचा?

चार वेगळ्या गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, आणि चौघींचे उपाय निराळे आहेत.

पहिली: मॉडेम फोन लावत नसून आलेला फोन उचलतोय. फॅक्सचं सॉफ्टवेअर कधीकाळी घातलं असेल तर हे होतं. मॉडेमला एटीएस०=० दिलं की तो फोन उचलायचं सोडतो. प्रश्न मिटला.

दुसरी: लाइन तुटली की लगेच परत जोडली जातेय. पीपीपीच्या ऑप्शन्समध्ये 'पर्सिस्ट' असेल तर पीपीपीडी तुटलेली जोडणी पुन्हा उभी करत राहतो. डब्ल्यूव्हीडायल या डायलरमध्ये 'ऑटो रीकनेक्ट' मुळातच चालू असतं. त्याच्या कॉन्फ फाईलमध्ये ते 'ऑफ' करावं लागतं. पावसाळ्यात लाइनवर खरखर वाढली की हा प्रकार रात्रभर चालतो.

तिसरी: कुणीतरी पीपीपीडीला थेट हाक मारतंय. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) विसरलेली 'पॉन' या नेट जोडणाऱ्या कमांडची ओळ, डेबियन या लिनक्स वितरणात ईटीसी/पीपीपीमधली 'पीपीपी_ऑन_बूट' ही फाईल, किंवा लॉगिन होताच स्वतः सुरू होणारा डायलर. लाइन चालू असताना 'पीएस एएक्सएफ' द्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं झाड दिसेल, आणि पीपीपीडीच्या वरच्या फांदीवर कोण बसलंय ते बघा. जन्मदाता तिथेच सापडतो.

चौथी, आणि सगळ्यात जास्त छळणारी: 'डिमांड'. या पद्धतीत पीपीपीडी आधीच पीपीपी० हा इंटरफेस, म्हणजे नेटकडे जाणारी वाट, उभा करून ठेवतो, फोन मात्र लावत नाही. त्या वाटेने पहिलं पॅकेट आलं की नंबर फिरवतो. सोय मोठी आहे. घरातल्या कुणालाही 'कनेक्ट'चं बटण शोधावं लागत नाही. पण पॅकेट माणसाने पाठवलं की एखाद्या सेवेने, हे पीपीपीडी बघत नाही. 'डिमांड' लिहिलं की 'पर्सिस्ट' त्यात आपोआप येतं, हेही ध्यानात ठेवा.

आपलं दुखणं चौथ्या जातीचं आहे का, हे पाहायला एक साधी चाचणी आहे. रूट (root, यंत्राचा मुख्य वापरकर्ता) होऊन 'रूट डेल डिफॉल्ट' (इथला रूट म्हणजे route) द्या, म्हणजे बाहेर जाणारा मुख्य रस्ताच काढून टाका. आता डायलिंग थांबलं तर कुणीतरी पॅकेट पाठवत होतं, हे नक्की. तरीही मॉडेम वाजला तर वरच्या तीन जातींत शोधा. चाचणी झाली की रस्ता परत घाला, नाहीतर पॅकेट पकडायला मिळणार नाही.

लॉगमधली वेळ

व्हार/लॉग/मेसेजेस (डेबियनमध्ये सिसलॉग) या फाईलमध्ये पीपीपीडीच्या ओळी असतात. 'डिमांड'मध्ये प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला 'स्टार्टिंग लिंक' असं येतं. आपण तोडण्याआधीच लाइन निष्क्रिय राहून तुटली असेल तर 'टर्मिनेटिंग कनेक्शन ड्यू टू लॅक ऑफ अ‍ॅक्टिव्हिटी' असतं. शेवटी किती मिनिटं जोडणी होती आणि किती बाइट गेले-आले तेही लिहिलेलं असतं. ती बाइटची ओळ नीट वाचा. गेलेले-आलेले बाइट काही शेकड्यांत असतील तर कुणी काही डाउनलोड केलेलं नाही. कुणीतरी एखादं नाव विचारलं, उत्तर मिळालं किंवा मिळालं नाही, आणि विषय संपला.

मग सगळ्या 'स्टार्टिंग लिंक'च्या वेळा कागदावर एकाखाली एक लिहा. हे काम कागदावरच करा, वेळांतला ताल डोळ्याला पटकन दिसतो. रोज बरोबर ४:०२ असेल तर रेड हॅट घराण्यातल्या जुन्या वितरणांची रोजची क्रॉनची कामं त्याच वेळेला लागलेली असायची. डेबियनमध्ये तीच वेळ ६:२५ आहे. दर तासाला ठोका पडत असेल तर मेलच्या रांगेकडे बघा. दर सतरा मिनिटांच्या आसपास असेल तर घड्याळ जुळवणारा एनटीपीडी, कारण तो ६४ सेकंदांपासून १०२४ सेकंदांपर्यंतच्या अंतराने सर्व्हरला विचारत राहतो. घरातला दुसरा संगणक सुरू केला की लगेच फोन लागत असेल तर उत्तर त्या संगणकात आहे. आणि कुठलाच ताल नसेल, तर पुढच्या पायरीला पर्याय नाही.

पॅकेट पकडणं

इथे घाई करू नका. टीसीपीडंप हा जाणारी-येणारी पॅकेट टिपणारा प्रोग्रॅम घ्या आणि झोपायच्या आधी हे लावून ठेवा:

टीसीपीडंप -एन -आय पीपीपी० -एस ० -डब्ल्यू पहाट.पीकॅप

यातला '-एन' फार महत्त्वाचा आहे. तो नसला तर पडद्यावर छापताना टीसीपीडंप प्रत्येक आयपी पत्त्याचं नाव शोधायला जातो. नाव शोधायचं म्हणजे डीएनएस (नावं आणि पत्ते जुळवून देणारी नेटवरची सेवा), आणि डीएनएस म्हणजे बाहेर पॅकेट. चोर पकडायला बसलेला शिपाईच फोन लावतो, आणि तुम्ही तासभर त्याच्याच पावलांचे ठसे तपासत बसता. 'नेटस्टॅट' आणि 'रूट' (route) यांनाही हाच नियम लागू: प्रत्येक वेळी '-एन'. '-एस ०' यासाठी की जुन्या आवृत्त्या पॅकेटचे पहिले ६८ बाइटच ठेवायच्या, आणि विचारलेलं नाव नेमकं त्यापुढे कापलं जायचं. फाईलचं नाव अर्थातच तुमच्या आवडीचं.

फोनची वायर त्या रात्री लावलेली ठेवावी लागेल. एक कॉल खर्ची पडेल, तो पडू द्या.

सकाळी कंट्रोल-सी करून फाईल वाचा:

टीसीपीडंप -एन -आर पहाट.पीकॅप

पहिलीच ओळ बघा, बाकीच्या नंतर. तिच्यात पाठवणाऱ्याचा पत्ता १०.६४.६४.६४ असा अनोळखी दिसला तर दचकू नका. सेवा देणाऱ्याकडून खरा पत्ता मिळेपर्यंत पीपीपीडी 'डिमांड'मध्ये हा तात्पुरता पत्ता लावून ठेवतो, आणि समोरच्या टोकाला १०.११२.११२.११२ देतो. उलट हीच खूण समजा: ज्या पॅकेटवर हा तात्पुरता पत्ता आहे, त्यानेच फोन लावायला लावला.

माझ्या फाईलमधल्या पहिल्या ओळीत वेळ होती ४:०२, पोर्ट (सेवेच्या दाराचा क्रमांक) ५३, म्हणजे डीएनएस, आणि विचारलेलं नाव होतं 'वाडा.घर'. हे माझ्याच संगणकाचं नाव. बसवताना मी हौसेने ठेवलेलं. माझा संगणक पहाटे उठून साऱ्या जगाला विचारत होता की मी कोण.

(गरजेनुसार फोन लावणारा पूर्वीचा डायल्ड हा प्रोग्रॅम वापरत असाल तर पीपीपी० ऐवजी त्याने उभ्या केलेल्या एसएल० या बदली इंटरफेसवर ऐका. बाकी रीत तीच.)

विचारलेल्या नावावरून विचारणारा ओळखा

नको असलेल्या कॉलचं पहिलं पॅकेट बहुतेक वेळा डीएनएसचंच असतं. ही चांगली गोष्ट आहे, कारण प्रश्नातच प्रश्न विचारणाऱ्याची ओळख लपलेली असते.

स्वतःच्याच यंत्राचं नाव विचारलं जात असेल तर बहुधा सेंडमेल, म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्रॅम. क्रॉनचं रोजचं काम काहीतरी छापतं, क्रॉन ते रूटला मेल करतो, आणि सेंडमेल त्या पत्त्यामागचं यंत्राचं नाव पूर्ण करून घ्यायला निघतो. यंत्र सुरू होताना सेंडमेलच्या ओळीवर बराच वेळ अडकून पडत असेल तर तेही याच दुखण्याचं लक्षण.

नाव मेल सर्व्हरचं असेल तर मेल ओढून आणणारा फेचमेल. वेळेच्या सर्व्हरचं असेल तर एनटीपीडी. १९२.१६८ ने सुरू होणारा घरातलाच पत्ता उलटा लिहून शेवटी 'इन-अ‍ॅडर.अर्पा' दिसत असेल, तर कुठली तरी सेवा घरातल्याच दुसऱ्या संगणकाचं नाव बाहेरच्या जगाला विचारतेय. एसएसएच किंवा एफटीपीने आत आलेल्याची नोंद करताना हे होतं. बाहेरच्या सर्व्हरला तुमच्या घरातली नावं माहीत असायचं काहीच कारण नाही, त्यामुळे हा कॉल शंभर टक्के वाया जातो.

नाव मोठ्या अक्षरांत आणि तुमच्या वर्कग्रुपसारखं दिसत असेल, तर रोख घरच्या नेटवर्कवरच्या विंडोज संगणकाकडे वळवा. त्या बाजूच्या कार्डावर ऐका: 'टीसीपीडंप -एन -आय ईटीएच० पोर्ट ५३'. पाठवणाऱ्याचा पोर्ट १३७ आणि जाण्याचा पोर्ट ५३ दिसला की ओळख पटली. १३७ हा नेटबायोसच्या (विंडोज संगणकांची आपसांत ओळखण्याची जुनी पद्धत) नावांचा पोर्ट. विंडोज ९५ आणि ९८ चे संगणक शेजारच्या यंत्राचं नाव जवळपास सापडलं नाही की ते डीएनएसला विचारायचे, आणि लिनक्स पेटी प्रामाणिकपणे तो प्रश्न पुढे ढकलायची.

नावावरून उलगडा झालाच नाही तर आयपीटेबल्सचा (लिनक्सची पॅकेटची चाळणी) लॉग नियम लावा: पीपीपी० मधून बाहेर जाणाऱ्या पॅकेटची नोंद करा आणि त्याला 'लॉग-यूआयडी' जोडा. मग लॉगमध्ये पॅकेट कुठल्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने पाठवलं त्याचा क्रमांक येतो. तो ० म्हणजे रूट आला तर फारसं हाती लागत नाही, पण बऱ्याच सेवांना स्वतःचा वापरकर्ता असतो. लाइन जोडलेली असतानाच 'एलएसओएफ -आय -एन' दिलं तर उघड्या जोडण्यांचे मालकही दिसतात.

उगमापाशी बंद करा

मालक सापडला की त्याचं तोंड त्याच्याच सेटिंगमध्ये बंद करा. फिल्टर लावून पॅकेट अडवणं हा शेवटचा उपाय, कारण अडवलेला प्रोग्रॅम अनेकदा उत्तराची वाट बघत अडकून बसतो.

सगळ्यात आधी ईटीसी/होस्ट्स. १२७.०.०.१ ची लोकलहोस्टची ओळ तशीच ठेवून खाली आपल्या यंत्राची स्वतंत्र ओळ घाला: आधी पत्ता, मग पूर्ण नाव, मग छोटं नाव. माझी ओळ होती '१९२.१६८.१.१ वाडा.घर वाडा'. घरातल्या बाकीच्या संगणकांच्याही ओळी इथेच घाला. उलटे प्रश्न तिथल्या तिथे संपतात. मग ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फमध्ये 'होस्ट्स' या शब्दापुढे 'फाइल्स' आधी आणि 'डीएनएस' नंतर आहे ना, ते बघा. क्रम उलटा असेल तर होस्ट्स फाईल कितीही नीट लिहा, आधी फोन लागेल आणि मग फाईल वाचली जाईल. निम्म्याहून जास्त घरची दुखणी या दोन फाईलींत बरी होतात, असा माझा अनुभव आहे.

सेंडमेलसाठी आणखी थोडं लागतं. आपलं नाव 'लोकल-होस्ट-नेम्स'मध्ये घाला, म्हणजे ते मेल घरचंच आहे हे त्याला कळेल. त्याच्या एमसी या सेटिंगच्या फाईलमध्ये 'नोकॅनॉनिफाय' हे फीचर घाला आणि पाठवण्याची पद्धत 'डिफर्ड' करा. या पद्धतीत मेल रांगेत ठेवताना तो डीएनएसला हात लावत नाही. रांगेचं अंतर जुन्या रेड हॅटमध्ये ईटीसी/सिसकॉन्फिग/सेंडमेलमध्ये 'क्यू=१एच' (QUEUE=1h) असं असायचं. 'मेलक्यू' देऊन बघा. चुकीच्या पत्त्यावरचं एखादं मेल तिथे अडकलेलं असेल तर सेंडमेल ते मुळात पाच दिवस जवळ बाळगतो, आणि दर तासाला त्याच्यासाठी फोन लावतो. असं अडकलेलं मेल काढून टाका. सेंडमेलऐवजी पोस्टफिक्स असेल तर 'डिफर_ट्रान्सपोर्ट्स'मध्ये 'एसएमटीपी' लिहिलं की पुरतं.

मग या सगळ्या कामांना योग्य वेळ द्या. लाइन जोडली की पीपीपीडी 'आयपी-अप' ही स्क्रिप्ट चालवतो. डेबियनमध्ये आपल्या कमांड 'आयपी-अप.डी' या फोल्डरमध्ये, रेड हॅटमध्ये 'आयपी-अप.लोकल'मध्ये घालायच्या. 'सेंडमेल -क्यू' तिथे, फेचमेलची एक फेरी तिथे, घड्याळ जुळवणंही तिथेच. एनटीपीडी काढून त्याच कामाचा क्रोनी घेतला तर फार बरं: सर्व्हरपुढे 'ऑफलाइन' लिहून ठेवायचं आणि आयपी-अपमध्ये 'क्रोनीसी ऑनलाइन' द्यायचं. माणूस नेट लावतो, त्याच फेरीत यंत्राचीही कामं उरकतात.

सांबा (विंडोज संगणकांशी फाईल वाटून घेणारी लिनक्सची सेवा) चालवत असाल तर 'डीएनएस प्रॉक्सी = नो' करा. 'विन्स सपोर्ट = येस' करून विंडोज संगणकांना लिनक्सचा पत्ता विन्स सर्व्हर (त्यांच्या नावांची नोंदवही) म्हणून द्या; त्यांना नाव घरातच मिळालं की बाहेर विचारायची गरज उरत नाही. घरी बाइंड या डीएनएस सर्व्हरची जुनी आवृत्ती असेल तर तिच्यात 'डायलअप येस' आहे. त्याने झोनची (सर्व्हरकडच्या नावांच्या यादीची) देखभालीची चौकशी एकत्र होऊन मुळातल्या हिशेबाने ६० मिनिटांतून एकदाच होते.

लाइन लागते ठीक, पण तुटत नाही

आयडलचा काटा आत येणाऱ्या पॅकेटनेही मागे जातो. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर हा किडा (नेटवर स्वतःच पसरणारा प्रोग्रॅम) यूडीपी १४३४ वर, आणि ऑगस्टमध्ये ब्लास्टर टीसीपी १३५ वर जगभरातल्या पत्त्यांची दारं ठोठावत फिरत होते. लिनक्सला त्यांची बाधा नव्हती. पण प्रत्येक ठोठावण्याला तो 'इथे कोणी नाही' असं उत्तर पाठवायचा, आणि लाइन जागी राहायची. असली ठोठावणी आजही चालूच असते.

यासाठी पीपीपीडीत 'अ‍ॅक्टिव्ह-फिल्टर' आहे. कर्नलमध्ये पीपीपी फिल्टरिंग चालू असावं लागतं. कुठलं पॅकेट खरी हालचाल मानायचं ते टीसीपीडंपच्याच भाषेत सांगायचं:

अ‍ॅक्टिव्ह-फिल्टर 'आउटबाउंड अँड नॉट आयसीएमपी अँड नॉट टीसीपी[१३] & ४ != ०'

म्हणजे फक्त बाहेर जाणारी पॅकेट मोजा, त्यातूनही आयसीएमपी वगळा आणि टीसीपीचं रीसेट वगळा, कारण ती 'इथे कोणी नाही' उत्तरं याच दोन प्रकारांत जातात. १३ क्रमांकाच्या बाइटमध्ये टीसीपीचे झेंडे असतात, त्यातला ४ हा रीसेटचा. डिमांडमध्ये फोन लावायचा की नाही तेही हाच फिल्टर ठरवतो, म्हणून तो जपून लिहा. डीएनएस यात अडवलं तर घरच्यांना नेटच लागणार नाही.

आयपी पत्ता दर कॉलला बदलत असेल तर प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४ मधल्या 'आयपी_डायनअ‍ॅडर'मध्ये १ लिहा. नाहीतर तात्पुरत्या पत्त्यावरून निघालेली पहिली जोडणी त्याच पत्त्यावर अडून बसते, आणि पान पहिल्या झटक्यात कधीच उघडत नाही.

डोंगलवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे नेटवर्कमॅनेजर जोडणी स्वतः लावतो. त्या जोडणीचं 'ऑटोकनेक्ट' 'नो' करा. नेट आहे ना हे तपासायलाही तो मुळात दर ३०० सेकंदांनी बाहेर विचारू शकतो, ती तपासणी बंद करा. मग 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' देऊन अपडेटचे टायमर बघा. मोजक्या डेटावर जगणाऱ्याचा दिवसाचा कोटा बहुतेक वेळा तिथेच जातो.

सगळं केल्यावर वायर लावून पुन्हा रात्रभर टीसीपीडंप ठेवा आणि सकाळी कंट्रोल-सी करून फाईलचा आकार बघा. २४ बाइट दिसले तर फाईलमध्ये फक्त तिचं स्वतःचं शीर्षक आहे, पॅकेट एकही नाही. माझ्याकडे हा आकडा होस्ट्सची ओळ घातल्यानंतरच्या दुसऱ्या पहाटे दिसला; पहिल्या पहाटे एक पॅकेट होतंच, सेंडमेल पुन्हा सुरू करायचा राहून गेला होता.